सवतीची किल्ली

शनिवार, ता. २

ती. बाबा आणि ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आईने फोनवर सगळं सांगितलं. बाबा, दंतवैद्याच्या दारातली पाटी, जिच्यावर माणसाएवढा दात रंगवलाय, ती तुम्ही गाडीने आडवी केलीत. वर त्यालाच सुनावलंत की पाटी रस्त्यात येऊन उभी होती. ती पाटी फूटपाथवर होती, बाबा. म्हणजे तुम्हीही फूटपाथवर होतात.

आणि आता म्हणे आजोबांची तीच गाडी घेऊन तुम्ही आत्याकडे निघालात. रेल्वेनेसुद्धा जिथे पोचायला अख्खा दिवस जातो तिथे! आत्याला तिचा मुलगा कायमची परदेशी नेतोय, त्याआधी तिला तिच्या वडिलांच्या गाडीतून एकदा फिरवायचंय, हे मला कळतं. आत्या माझीही लाडकी आहे. पण जी उतारावर उभी केल्याशिवाय सुरू होत नाही, जिचा मागचा दरवाजा सुतळीने बांधावा लागतो, तिच्यात बसून एवढ्या लांब जायचं म्हणजे विकतचं दुखणं. डोळे तपासून घ्या म्हटलं की तुम्ही घड्याळ उघडून त्यातली चाकं बसवून दाखवता. जन्मभर तुम्ही घड्याळंच दुरुस्त केलीत, तुमची बोटं ते काम झोपेतही करतील. रस्ता बोटांनी दिसत नाही.

तुम्ही ऐकणार नाही, म्हणून अट घालते. कुणी गाडी ओढून आणली किंवा ती कशालाही धडकली, तर किल्ली कायमची तुमच्या हातून सुटली, मला आणून द्यायची. आत्याच्या दारात धड पोचलात, तर मी पुन्हा त्या गाडीबद्दल चकार शब्द काढणार नाही. फोनवर मी तुमची थाप आवाजावरून ओळखते, म्हणून तुम्ही पत्रच लिहिणार, तेही माहीत आहे. खुशाल लिहा. शाळेत मी रोज पोरांनी ठोकलेल्या आईबापांच्या सह्या पकडते. आई, खरं काय ते तू वेगळं कळव.

माया कमी करू नका, वेग तेवढा करा.

तुमची,
मुलगी

•

मंगळवार, ता. ५
मुक्काम फोटोग्राफरचं घर

चि. फौजदारास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी अट मिळाली आणि मान्य आहे. आम्ही माझ्या जुन्या मित्राकडे, फोटोग्राफरकडे, पहिल्या मुक्कामी सुखरूप पोचलो. तुझी आई गाडीला सवत म्हणते. मी मात्र तिचा मान राखून बाईसाहेबच म्हणतो. तर बाईसाहेब कशा मऊ लोण्यासारख्या चालल्या. वाटेत एक-दोनदा थांबल्या, पण ते त्यांच्या मर्जीने, मी आग्रह केला नाही.

फाटकापर्यंत गेल्यावर लक्षात आलं की ही गल्ली सपाट आहे. मग पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर गाडी तोंड खाली करून लावली आणि सामान उचलून चालत आलो. तुझ्या आईला आयता व्यायाम झाला. आज सकाळी कार्बुरेटर उघडला. गॅरेजवाले हातभर पाने घेऊन यंत्राच्या अंगावर धावून जातात, ते मला बघवत नाही. मी आपले घड्याळाचे चिमटे काढले, रुमाल अंथरला आणि एकेक भाग पुसून ठेवला. एक स्क्रू जरा फिरायला गेला होता, तो परत आला.

बाकी विशेष काही नाही. फोटोग्राफर फाटकाचा एक खांब नव्याने बांधायला घेतोय. जुना फारच कच्चा निघाला.

लोभ आहे तो राहू दे, संशय तेवढा आटोपता घे.

तुझा,
बाबा

•

मंगळवार, ता. ५

चि. बाळीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी स्वतः पेटीत टाकून येणार आहे. तुझ्या बाबांना सांगितलंय की कोपऱ्यावरून दोरा आणायला जाते.

तो स्क्रू फोटोग्राफरच्या चहाच्या कपात सापडला, आणि तोही चहा संपल्यावर. त्या बिचाऱ्याने तो धुऊन यांच्या रुमालावर ठेवला. खांबाबद्दल मला काही विचारू नकोस. विचारलंस तर खरं सांगावं लागेल, आणि मग प्रवास इथेच संपेल. यांनी आपल्या बहिणीला शब्द दिलाय. ती बाई रोज दुपारी अंगणात खुर्ची टाकून बसते म्हणे, गाडीचा आवाज येतो का बघत.

पण बाळी, तुझ्यापासून लपवून काय करू? काल भर दुपारी समोरून दुधाचा टँकर आला आणि मी ओरडेपर्यंत यांना तो दिसलाच नाही. यांनी गाडी बाजूला घेतली, घाम पुसला आणि म्हणाले की टँकरचा रंगच फिका होता. टँकर लालभडक होता. यांच्याशी भांडून काही होत नाही हे मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात कळलं, तेव्हापासून मी न भांडता काय करता येईल तेच बघत आलेय. आताही बघते.

तू जिवाला घोर लावून घेऊ नकोस. वेळेवर जेव.

तुझी,
आई

•

शनिवार, ता. ९

ती. बाबा आणि ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पुढचा मुक्काम लॉजवर म्हणाला होतात, म्हणून तिथल्या पत्त्यावर टाकतेय.

बाबा, कच्चा खांब आपणहून पडत नाही. मी फोटोग्राफरकाकांना फोन केला. त्यांनी तुमचं नाव घेतलं नाही, पण ‘खांब गेला तर गेला, मैत्री टिकली पाहिजे’ एवढं म्हणून फोन ठेवला. यावरून काय ते मी समजले. आणि तुमच्या पत्रातल्या ओळी बघा. पहिली ओळ सरळ, मग ज्या उताराला लागल्यात, त्यातली शेवटची पार कागदाच्या कडेवरून खाली उतरलीय. काही शब्द तर एकावर एक चढलेत.

मी चिडलेय असं समजू नका. मी घाबरलेय. तुम्हाला काही झालं, तुमच्यामुळे आईला किंवा रस्त्यावरच्या कुणा लेकराला काही झालं, तर मी काय करू? अट मोडलीय. शाळेचे पेपर तपासून झाले की शनिवारी, ता. २३ ला, मी आत्याकडे पोचते आणि किल्ली घेते. तोवर गाडी लॉजवरच उभी करा आणि रेल्वेने जा. हात जोडते.

रागावलात तरी चालेल, पण माझे असा.

तुमची,
मुलगी

•

गुरुवार, ता. १४
मुक्काम लॉज, जिन्याखालची खोली

चि. फौजदारास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हाताला जरा पेटके येतात, म्हणून मी सांगतोय आणि तुझी आई लिहितेय. (कंसातलं माझं. आई.) ती एक अक्षर इकडचं तिकडे करणार नाही असं कबूल झालंय. (झालंय.)

तुझं पत्र वाचलं. (मी वाचून दाखवलं. दोनदा.) रेल्वेने जाण्याचा प्रश्नच येत नाही, कारण बाईसाहेब आता कमालीच्या शहाण्यासारख्या चालताहेत. परवा निघालो ते इथे येईपर्यंत कुठे घासलं नाही, कुठे आपटलं नाही. वळण आलं की आधी वेग कमी, मग वळण. समोरून कोण येतंय ते लांबूनच कळतं. हॉर्न वाजतो. (वाजत नाही. मी खिडकीतून हात काढून ओरडते.) गिअर एकदाही खरवडला नाही. (खरवडला. पहिल्या दिवशी सारखा. आता नाही.) चौकात पोलिसाने अडवलं, कागद बघितले, मग गाडीत डोकावून बघितलं आणि हसून सलाम ठोकला. गाडीचा रुबाबच तसा आहे. (सलाम गाडीला नव्हता.)

मुक्कामाला पोचल्यावर आता माझी मानही दुखत नाही. म्हणजे एवढा सराव झाला, असं समज. तेव्हा उगाच पोलिसी खाक्या दाखवू नकोस. पेपर नीट तपास, पोरांना उदार हाताने मार्क दे.

लोभ होता तसाच आहे, चौकशी नंतर कर. (जेवतेस ना?)

तुझा,
बाबा
(आणि ही लिहिणारी)

•

मंगळवार, ता. १९
मुक्काम तुझ्या आत्याचं घर

चि. बाळीस,
अनेक आशीर्वाद.

आम्ही पोचलो. तू शनिवारी येशील ती तोंडाचा पट्टा सुरू करूनच येशील, म्हणून त्याआधी हे वाच.

गाडी मी चालवत आणली.

आता बस खाली आणि पाणी पी. गेल्या वर्षी मी भरतकामाच्या क्लासला जायचे, आठवतं? तू विचारायचीस की आई, एवढं भरतकाम चाललंय तर एक रुमाल तरी दाखव. रुमाल कुठून दाखवणार? मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जात होते. यांनी घड्याळं हातात घेऊन खिडकीशी बसायला सुरुवात केली, मग ती खिडकीशीही जमेनात, तेव्हाच मी ओळखलं. मी बोलले असते तर हे उखडले असते. म्हणून लायसन्स काढलं आणि पर्समध्ये ठेवलं. त्यावरच्या फोटोत मी पाकीटमार दिसते.

फोटोग्राफरकडून निघालो त्या दिवशी यांनी एका उतारावर गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून नुसते बसून राहिले. मला वाटलं, रेडिएटर तापला असेल. मग म्हणाले, “मला रस्त्याची कड दिसत नाही गं.”

बाळी, इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाने माझ्याकडे कधी साधी कबुली दिली नव्हती. मला भडभडून आलं. पण रडत बसले असते तर ते पुन्हा किल्ली फिरवून निघाले असते. मी पर्समधून लायसन्स काढून हातात दिलं. यांनी खिशातलं घड्याळाचं भिंग डोळ्याला लावलं, कार्ड नाकाशी धरलं आणि खरं की खोटं ते तपासत बसले. मग उतरले, बॉनेटवर हात ठेवत ठेवत माझ्या बाजूला आले आणि दार उघडून मी सरकायची वाट बघत उभे राहिले. मी सरकले. बसल्यावर एकच वाक्य बोलले, क्लच हळू सोड.

शिकलेली गाडी नवी होती, ही नुसती खोड्यांनी भरलेली. पहिल्या दिवशी रडकुंडीला आले. पण यांचे कान शाबूत आहेत. इंजिनचा सूर जरा बदलला की हे सांगतात, आता गिअर बदल, आता तिला दम खाऊ दे. रस्ता मी बघते, गाडी हे ऐकतात. शेवटी शेवटी तर सवतीशी माझं बरं जमलं. आत्याच्या दारात मी ब्रेक दाबला तेव्हा ती खुर्चीतून उठली, यांना साधं ‘ये’ सुद्धा म्हणाली नाही, थेट पुढच्या सीटवर जाऊन बसली आणि मला म्हणाली की चल. यांना मागे बसवलं. गावाला दोन चकरा मारल्या तरी उतरेना. वडिलांनी मुलगा म्हणून याला चालवायला दिली आणि मला नुसतं पुसायला, असं म्हणत होती. मग तिलाही मैदानात नेऊन थोडा वेळ स्टिअरिंग धरू दिलं.

काल डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. एका डोळ्याचं ऑपरेशन करता येईल. दुसऱ्याला उशीर झालाय. वाचता येईल, पायी फिरता येईल, पण गाडी पुन्हा नाही. हे बाहेर येऊन बाकावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. मीही रडले. मग मी गाडी आणली.

खालचं त्यांनी स्वतः लिहिलंय. मी हात लावलेला नाही.

चि. फौजदारास आशीर्वाद. अट मोडली. तू जिंकलीस. किल्ली माझ्या हातून सुटली. ती आता तुझ्या आईकडे आहे. शनिवारी ये आणि मागून बघ. मी मागून बघितली. देत नाही.

तुझा बाबा