केरू नेमका कुणाचा

देवळाली कॅम्प
८ जुलै १९९६

ती. सौ. सिंधुताईंस,
ज्योत्स्नाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि दुकानातल्या माणसाबरोबर धाडलेले शेंगदाणे पोचले. इकडे सगळं खुशाल आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. खरं सांगायचं तर तुमच्या केरूनं मला जीव नकोसा केला आहे.

शाळा सुरू होऊन महिना झाला नाही तोच बाईंचं बोलावणं आलं. तोफांचा सराव सुरू झाला की इथल्या खिडक्या कशा थडथडतात ते तुम्ही पाहिलंच आहे. कॅम्पातल्या पोरांना त्याचं काही वाटत नाही. पण यानं नवी टूम काढली. तोफ वाजली की हा वर्गात फरशीवर पालथा पडतो आणि बाकीच्यांनाही पाडतो. जो पडला नाही तो मेला, असा नियम. परवा अख्खी पहिली दिवसभर फरशीवरच होती. एका मुलीची पाटी फुटली आणि बाईंचा ओरडून घसा बसला.

मी खाली मान घालून ऐकलं. शेवटी बाईंनी विचारलं की मुलगा तुमचाच ना. मी नेहमीसारखं सांगितलं की नाही, माझ्या मोठ्या जावेचा, ती नांदगावला असते, मी नुसती सांभाळते. बाई बघतच राहिल्या, कारण दाखल्यावर नाव आमचंच आहे आणि हा मला सगळ्यांदेखत काकू म्हणतो. त्यांना कसं समजावू? याच्याआधीची दोन बाळं बारशाच्या आतच गेली, म्हणून हा झाल्या झाल्या सासूबाईंनी याला सुपात घालून तुमच्या ओटीत विकला, बदल्यात सूपभर बाजरी घेतली आणि मला शपथ घातली की सहा वर्षं पुरी होईपर्यंत याला माझा म्हणायचं नाही, नाहीतर दैव पुन्हा दार शोधत येईल. शिकलेली माणसं हसतील. हसू देत, माझा केरू जिवंत आहे.

घरी येताना तो माझा हात धरून अगदी सरळ चालला. नांदगावला कोणती गाडी जाते असं विचारलं. मी सांगितलं, भुसावळ पॅसेंजर. गाड्यांचं वेड आहेच त्याला.

यांचं सिक्कीमच्या छावणीतून पत्र आलं. बर्फात उभे राहून हे केरूच्या खोड्या विचारतात, आणि मी त्या कमी करून कळवते.

ती. भाऊजींना व सासूबाईंना नमस्कार. तुमचा लोभ आहेच, त्यातला थोडा या पोरासाठी जादा राखून ठेवा, लागणार आहे.

तुमची,
ज्योत्स्ना


नांदगाव
१६ जुलै १९९६

चि. सौ. ज्योत्स्नास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी दुकानात मोठ्यानं वाचलं. आमचे हे तराजू हातात तसाच धरून हसत होते आणि गिऱ्हाईक ताटकळत होतं. माझा माल आहे, जरा सांभाळून वापर. खोडी केली तर कान धर, पण हात उगारू नकोस. विकलेल्या वस्तूवर हात टाकायचा तुला हक्क नाही.

थट्टा बाजूला ठेव. सासूबाई म्हणतात की मार्गशीर्षात सहा वर्षं भरतात, तोवर जीभ सैल सोडू नको. ज्योत्स्ना लय हळवी हाय, एखाद्या दिवशी बोलून बसेल, असा त्यांना घोर लागलाय. मी त्यांना सांगितलं की ती माझ्यापेक्षा पक्की आहे.

पोराला दिवाळीत पाठव. इथं ओट्यावरून कितीही उड्या मारू दे, ओटा दगडी आहे. माझ्या वाटणीची माया तू खर्च करतेस, ती नीट कर.

तुझी,
सिंधुताई


देवळाली कॅम्प
९ ऑगस्ट १९९६

ती. सौ. सिंधुताईंस,
सा. न. वि. वि.

आज अक्षर वेडंवाकडं आलं तर वाचून घ्या. मी केरूला मारलं.

दूधवाल्यानं सायकल दारात लावली होती. यानं कठड्यावरून थेट तिच्यावर उडी घेतली. सायकल आडवी, दोन्ही कॅन उपडे, आणि सळई याच्या डोळ्यापासून बोटभर अंतरावर. दुधाचं मला काही वाटलं नाही. तो डोळा मला दिसत राहिला. मी पाठीत धपाटा घातला, आणि रागाच्या भरात म्हणाले की जा तुझ्या आईकडे नांदगावला, मला नको तू.

तो रडला नाही. नेहमी आकाशपाताळ एक करतो, तो नुसता उभा राहिला. संध्याकाळी बघते तर दप्तरातून पुस्तकं काढून चड्डी-शर्ट भरत होता. विचारलं तर म्हणाला, खेळतोय.

ताई, त्याला खरं सांगू का? हळूच, कानात? सासूबाईंना विचारून बघा. रोज मनात येतं आणि रोज ती दोन बाळं डोळ्यांसमोर येतात. मग माझा धीर सुटतो.

पत्र टाकायला जाते. रागावलात तरी माया तोडू नका.

तुमची,
ज्योत्स्ना


नांदगाव
१७ ऑगस्ट १९९६

चि. सौ. ज्योत्स्नास,
अनेक आशीर्वाद.

पोर सुखरूप आहे, हे तुझ्या खालच्या वाण्याकडे फोन करून कळवलंच होतं. तरी आधी तेच लिहिते. सुखरूप आहे, जेवतो, झोपतो.

तुझं नऊ तारखेचं पत्र आमच्या हातात पडलं त्याच दुपारी हा दारात उभा. देवळाली स्टेशनवर एका फौजी कुटुंबाच्या सामानामागून पॅसेंजरमध्ये चढला. बायकांच्या डब्यात भाजीवाल्या होत्या. त्यातल्या बायडाबाईनं विचारलं तर म्हणाला की माझी आई नांदगावला आहे, देवळालीला काकूकडे ठेवलं होतं, आता काकूला नको झालो. मनमाडला गाडी बराच वेळ थांबली, तेव्हा तिनं याला भाकरी खाऊ घातली आणि इथं उतरून थेट आपल्या दुकानात आणून सोडलं. जाताना मला चार गोष्टी सुनावून गेली, की पोटचं पोर असं दुसऱ्याच्या दारात टाकतात का. मी ऐकून घेतलं.

मला बघताच त्यानं आई म्हणून कमरेला मिठी मारली. पूर्वीही आईच म्हणायचा, पण ते शिकवल्यासारखं. हे तसं नव्हतं. मी ओ दिली.

सासूबाई म्हणतात हा देवाचाच कौल, पोर धन्याच्या घरी आपल्या पायानं आलं, आता हलवायचं नाय. मलाही तसंच वाटतंय. इथल्या शाळेत याचं नाव घालू. तू एकटी, हे पोर असलं वाऱ्यासारखं, तिकडे रूळ आणि तोफा. राहू दे माझ्याकडे. तुला कधीही येऊन बघायला मोकळीक आहे.

मनाला लावून घेऊ नकोस.

तुझी,
सिंधुताई


देवळाली कॅम्प
२४ ऑगस्ट १९९६

ती. सौ. सिंधुताईंस,
सा. न. वि. वि.

केरू दिसेनासा झाला त्या दिवशी आधी विहीर पाहिली. वाकून पाहिली, गळ टाकायला लावला. मग नाला, मग रूळ. रुळांवरून चालत असताना मी देवाला म्हणाले की तो कुणाचाही असू दे, फक्त असू दे. वाण्यानं हाक मारून फोनचं सांगितलं तेव्हा मी तिथेच खाली बसले.

तेव्हा मी बोलले तसंच होऊ द्या. राहू दे तुमच्याकडे. माझ्या हातात पोर टिकत नाही, हे दैवानं तिसऱ्यांदा सांगितलं, अजून किती ऐकायचं? यांना लिहिलं आहे. ते काय म्हणतील माहीत नाही.

कॅम्पातल्या बहिरू ड्रायव्हरबरोबर कपडे पाठवते आहे. निळ्या शर्टाचं बटण लावून ठेवलं आहे. दूध साखर घालूनच पितो. झोपताना पाय झाडतो, तेव्हा भिंतीकडे झोपवू नका, लागतं. घर फार नीटनेटकं राहतं आता. ठेवलेली वस्तू ठेवल्या जागी सापडते, आणि ती उचलून मी रडत बसते.

तुमचा माझ्या वाट्याचा लोभही त्यालाच द्या.

तुमची,
ज्योत्स्ना


नांदगाव
१४ सप्टेंबर १९९६

चि. सौ. ज्योत्स्नास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र लिहायला मला फार दिवस लागले. लिहायचं मनात नव्हतं, म्हणून लागले.

तुझा केरू इथं आल्यापासून काही फोडलेलं नाही. पहिल्यांदा मला बरं वाटलं. शेजारणी म्हणाल्या, बाई, पोराला वळण छान लावलंस. मी फुगले. पण हा पेला दोन्ही हातांनी धरून पाणी पितो गं. पानात वाढलेलं कारलं न बोलता खातो. अंथरुणाची घडी घालतो, आणि घातली की माझ्याकडे बघतो. ओट्यावरून एक उडी मारली नाही. पाहुण्याघरी राहावं तसा राहतो.

परवा पोळा झाला. गल्लीतली सगळी पोरं बैलांमागे आरडाओरडा करत धावली. हा उंबऱ्यात उभा. मी म्हटलं, जा की. तर विचारतो, गेलो तर परत घरात घेशील ना? मग थोड्या वेळानं विचारलं की आई, चांगलं वागलं तर ठेवून घेतात का?

ज्योत्स्ना, मी आत जाऊन तोंडात पदर कोंबला. सहा वर्षं आपण दैवाला फसवत बसलो आणि फसलं हे एवढंसं पोर. दैवाला काय कळलं ते देव जाणे. याला मात्र शब्दन् शब्द कळत होता. याला वाटतं, तू सांभाळून कंटाळलीस आणि मीही केव्हातरी कंटाळेन.

ये आणि त्याला घेऊन जा. त्याच्या तोंडावर सांग की तो तुझा आहे. मार्गशीर्षाची वाट बघू नकोस. सासूबाईंचं मी बघते. घेणारी मी, देणारी मी, त्यात तिसऱ्याचं काही चालत नाही. मला हे लिहिताना काय होतंय ते विचारू नकोस आणि उगाच आभारही मानू नकोस. लवकर ये, नाहीतर माझं मन बदलेल.

तुझी,
सिंधुताई


देवळाली कॅम्प
२८ सप्टेंबर १९९६

ती. सौ. सिंधुताईंस,
सा. न. वि. वि.

तुम्ही निरोप द्यायला स्टेशनवर आला नाहीत ते बरंच केलंत. माझे पाय उचलले नसते. सासूबाई पाठ फिरवून बसल्या, मी त्यांच्या पाठीलाच नमस्कार केला.

गाडीत समोरच्या बाईंनी सरकून जागा दिली आणि पोरगा कुणाचा म्हणून विचारलं. कानात नुसतं ढण्‌ढण्‌ होत होतं. मी म्हणाले, माझा. केरू खिडकीबाहेर बघत होता, मान वळवली नाही. मला वाटलं ऐकलंच नाही. लासलगाव गेल्यावर हळूच विचारतो, की हे खरं, का शाळेतल्या बाईंना सांगितलंस तसं नुसतं सांगायचं म्हणून?

मग सगळं सांगितलं. दोन बाळं, सूप, बाजरी, शपथ. त्यानं त्या बाळांची नावं विचारली. नावं ठेवायच्या आधीच गेली, असं म्हणाले. मग म्हणाला, मला आधीच सांगायचं, मी कुणाला बोललो नसतो.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी अंग तापलं. अंगभर लाल पुरळ उठलं होतं, ओळख देईना. मी बोलले म्हणून हे झालं, असं माझं मन मला खात होतं. दवाखान्यात नाव लिहिणाऱ्यानं नातं विचारलं. एकदा वाटलं, जाऊबाईचा म्हणून सांगावं, अजून वेळ आहे, परत फिरवता येईल. तो तापातही माझ्या तोंडाकडे बघत होता. मी आई आहे म्हणून सांगितलं, आणि दैवाला मनात म्हणाले, ये, काय करायचं ते माझं कर.

गोवर होता. उतरला. काल खाटेवरून उडी मारून त्यानं खाटेची पट्टी तोडली, आणि पळता पळता आई, मारू नको म्हणून ओरडला. मी पट्टी हातात घेऊन तशीच उभी राहिले. भीती गेली असं नाही. त्याला साधी शिंक आली तरी छातीत धस्स होतं. पण आता मी भिऊन त्याला ढकलत नाही, जवळ ओढते.

तुम्ही आभार मानू नकोस म्हणालात, म्हणून मानत नाही. एवढंच म्हणते की माझ्या जन्माला तुमचा लोभ पुरून उरला.

तुमची,
ज्योत्स्ना


नांदगाव
६ ऑक्टोबर १९९६

चि. सौ. ज्योत्स्नास व चि. केरूस,
अनेक आशीर्वाद.

गोवर उतरला हे वाचून जीव भांड्यात पडला. गार पाण्यात खेळू देऊ नकोस. सासूबाईंचा रुसवा ताप उतरल्याचं कळल्यावर निम्मा गेला. काल आपणहून म्हणाल्या की पोराला काजळ लाव म्हणावं, मोठं लाव, लय गोरं दिसतंय. म्हणजे समजून घे.

आमच्या ह्यांनी दुकानात नवा काटा आणला. कांद्याला यंदा बरा भाव आहे. बाकी घर आहे तसंच आहे.

एक तुला सांगितलं नव्हतं. गेली सहा वर्षं मला कुणी विचारलं की मुलंबाळं किती, तर मी सांगत असे, एक मुलगा आहे, देवळालीला काकूकडे असतो. लग्नकार्यात, हळदीकुंकवाला, दवाखान्याच्या बाकावरसुद्धा. सासूबाईंनी शपथ तुला घातली होती, मला नव्हे. मी आपली आवडीनं सांगायचे. तिकडे तू तेच सांगायचीस, तेव्हा आपल्या दोघींचं जुळायचं, आणि मला ते खोटं वाटतच नसे. त्याला किती दात आले, काय फोडलं, हे मी पदरचं घालून सांगायचे.

परवा बँकेत बदलून आलेल्या साहेबांची बायको साखर न्यायला आली. चांगली बोलकी आहे. पुडा बांधेपर्यंत तिनंही विचारलं. केरूचं नाव अगदी ओठावर आलं होतं. मग म्हणाले, नाही, मला मूल नाही. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा तोंडानं म्हटलं. ती उगाच पिशवी चाचपायला लागली. मीच तिला मूठभर खडीसाखर दिली आणि म्हटलं, असू द्या, पुतण्या आहे, फार वांड आहे.

दिवाळीला त्याला घेऊन या. तोवर पत्र धाडत जा, आणि त्याच्या खोड्या सिक्कीमला कमी करून कळवतेस तशा मला लिहू नकोस. सगळ्या लिही.

तुझी,
सिंधुताई