एडवर्ड राजाची पेनी आणि प्रशांत शिरोडकर

मी, प्रेमानंद गंगाराम कासारे, वय ६३, मूळचा गुहागरचा, तीस वर्षे मस्कतमध्ये रस्त्यांचा इंजिनीअर, राहणार दार्सैत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, साखर थोडी वर आहे, दबाव कुणाचाही नाही.

१. चिपळूणचा फ्लॅट पत्नी सुचित्रा हिचा. बँकेतील शिल्लक तिची आणि कन्या श्वेता हिची, निम्मी निम्मी.

२. मध्ययुगीन इंग्लंडची माझी एक्केचाळीस चांदीची नाणी श्वेताला. त्यांतले पहिले, एडवर्ड राजाची पेनी, १९९६ साली मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रज सर्व्हेअरने मला दिले. ही नाणी यंत्राची नव्हेत. दोन ठशांमध्ये चांदीचा तुकडा ठेवून वर हातोडा घालत. म्हणून कुठे मुकुट निसटलेला, कुठे अक्षर अर्धे. ती घासू नयेत. पाहुणे येणार म्हणून सुचित्राने एक नाणे चिंच लावून लखलखीत केले होते. तो राग मी आज सोडत आहे.

३. हे कलम श्वेताने इथल्या मराठी मंडळाच्या सभेत मोठ्याने वाचावे. मराठी अडखळले तरी चालेल.

मस्कतजवळच्या सीब गावचा एसी मेकॅनिक प्रशांत शिरोडकर माझा मित्र. नाणी बघायला यायचा, मला दादा म्हणायचा. २०१४ साली एका शुक्रवारी तो येऊन गेल्यावर एडवर्डची पेनी दिसेना. पुढच्या आठवड्यात मंडळाच्या कार्यक्रमात, चाळीस माणसांसमोर, मी त्याला विचारले की नाणे कुठे ठेवलेस. त्याने दोन्ही खिसे उलटे केले आणि म्हणाला, "बघा साहेब." नंतर तो मंडळात आला नाही.

आठ महिन्यांनी पेनी माझ्याच भिंगाच्या पिशवीच्या अस्तरात सापडली. मी कुणाला सांगितले नाही. उद्या फोन करू म्हणता म्हणता दहा वर्षे गेली.

या मृत्युपत्राच्या कच्च्या मसुद्यात ती पेनी मी प्रशांतच्या नावे केली होती. सुचित्राने वाचले आणि म्हणाली, "मेल्यावर माफी मागणार? मग त्याने उत्तर कुणाला द्यायचं?"

गेल्या शुक्रवारी सीबला गेलो. प्रशांतने चहा केला. मी सगळे सांगितले आणि पेनी पुढे ठेवली. त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "माझी बायको अजून कधीतरी विचारते, खरंच घेतलं नव्हतं ना?"

मी नाणे त्याच्याकडे सरकवले. त्याने हात लावला नाही.

"नको. घरात दिसलं तर लोक म्हणतील, बघा, याच्याकडेच होतं. त्यापेक्षा लिहून द्या."

म्हणून लिहून देतो. प्रशांतने नाणे घेतले नव्हते. मी खोटा आळ घेतला, आणि खरे कळल्यावरही तो तसाच राहू दिला.

४. पेनी त्याने नाकारल्यामुळे ती इतर नाण्यांसोबत श्वेताकडे जाईल. या मृत्युपत्रात प्रशांतला काहीही मिळत नाही, त्यामुळे साक्षीदार होण्यास तो मोकळा आहे.

दार्सैत, मस्कत. शुक्रवार, ७ फेब्रुवारी २०२५.

(सही) प्रेमानंद गंगाराम कासारे

साक्षीदार:
१. अश्विन भीमराव तांबे, शेजारी. सही माझ्यासमोर केली.
२. प्रशांत मनोहर शिरोडकर, सीब. सही माझ्यासमोर केली. कलम तीन बायकोला फोनवरून वाचून दाखवले.