स्वच्छतेचं नव्हतं विचारलं

ता. १४, मंगळवार, दुपार

चि. चिमणीस,

ताईचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. सूनबाईचं शिवणकाम जोरात आहे, यांचा खोकला आहे तसाच. गुडघे कुरकुरतात म्हणून तुझ्या नातवाला बघायला आले नाही, असं कळवलं होतं. गुडघे ठणठणीत आहेत गं.

पाळी जाऊन इतकी वर्षं झाली, तरी अंगावरून पाणी जायला लागलं, कधी तांबूस. आणि वास. धुतला तरी जाईना. मला वाटलं, आपलीच घाण. मग साबण, कढत पाणी, फरशी पुसायचं औषधसुद्धा. नुसती आग आग. साबणाचे तुकडे चिकटवून वापरणारी मी, हे एकदा म्हणाले, "घरात साबण खातंय कोण?" सगळे हसले, मीही हसले. देवापुढे बसणं मात्र सोडलं. सूनबाईला म्हटलं, "दिवा आता तूच लाव, माझी कंबर वाकत नाही."

कंबर खरंच दुखायची. उन्हाळ्यात दवाखान्यात गेले, तर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "अंगावरून जातं का? वास येतो का?" मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "छे हो, मी स्वच्छ असते." कंबरेच्या गोळ्या घेऊन परत आले.

परवा रक्त फार गेलं, तेव्हा त्याच डॉक्टरीणबाईंपुढे रडले. म्हणाल्या, "आजी, मी स्वच्छतेचं नव्हतं विचारलं. वासाचं विचारलं होतं." आतली जागा स्वतःला धुते म्हणे, तिथे साबण घालायचाच नसतो, बाहेरून साधं पाणी पुरे. वेगळा वास बहुतेकींना साध्या संसर्गाने येतो, औषधाने जातो. माझं तसं नाही. पिशवीच्या तोंडाशी गाठ आहे, पसरली आहे. "तेव्हाच बोलला असतात तर..." एवढंच म्हणाल्या.

देवाला बोल लावत नाही. त्याने विचारायला माणूस पाठवलं होतं, खोटं मी बोलले.

आता तुझं. मागे आलीस तेव्हा माझ्या शेजारची गादी सोडून खिडकीखाली निजलीस. "उकडतंय," म्हणालीस. थंडी होती, चिमणे. मी विचारलं नाही, कारण मलाही लांबच निजायचं होतं. आज विचारते. तुलाही येतो का गं वास?

मला उत्तर लिहू नकोस. लाज वाटेल ती वाटू दे, पण दवाखान्यात जाऊन सांग, आहे त्याच शब्दांत. उद्याच जा.

तुझ्याजवळ निजायची राहून गेलेली,
ताई