सभासदाची गोळी

५ ऑगस्ट २०२४, सोमवार

फार दिवसांनी लिहीत आहे, माफी असावी. माफी कुणाकडे मागतो आहे ते माहीत नाही. वही माझी, लिहिणारा मी, वाचणाराही मीच. तरी अक्षय्य तृतीयेपासून एक ओळ नाही, हे बरोबर नाही. कारण माझ्या बायकोचा, गोजरबाईचा हात. आधी उजवा अंगठा हलायचा, आता दोन्ही हात हलतात. धार काढता येईना म्हणून जूनमध्ये दोन गाई विकल्या. एक लाख चाळीस हजार आले. तिसरी कपिला ठेवली, कारण ती तिच्याशिवाय कुणाला जवळ येऊ देत नाही.

नगरचे मोठे डॉक्टर म्हणाले, कंपवात. चालू गोळ्या जन्मभर. पण एका कंपनीचे नवे औषध निघते आहे, त्याची चाचणी त्यांच्या दवाखान्यात आहे. सहा महिने गोळ्या फुकट, वर एसटीचे भाडे. अट एकच. निम्म्या पेशंटना खरी गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी, आत औषध नसलेली. कुणाला कोणती, ते डॉक्टरलाही कळत नाही.

औषधाला अजून नाव नाही, नुसता नंबर आहे, ४१. त्याची मला काळजी वाटत नाही. ऊसही नंबरानेच ओळखतात. आपण २६५ लावला होता, उतारा चांगला पडला. काळजी खोट्या गोळीची आहे. माझे बीपी १५८.

९ ऑगस्ट, शुक्रवार

मार्ग सापडला. चाळीस वर्षे साखर कारखान्याचा सभासद आहे. सभासदाच्या उसाला तोड आधी मिळते, बिगर सभासदाच्या उसाला तुरे येऊन वजन घटल्यावर. दिवाळीला सभासदाला साखर स्वस्तात, बाकीच्यांनी दुकानातून घ्यावी. जगात सगळीकडे हेच चालते.

म्हणून सुनीलला फोन केला. सुनील म्हणजे आमचा मुलगा, सुप्याला एमआयडीसीत आहे. सांगितले, ते औषध काढणाऱ्या कंपनीचे शेअर घे. कंपनीचे नाव धृतिवन लाइफसायन्सेस, मुंबईची आहे. एकशे बारा रुपयांना एक, असे साडेबाराशे घेतले. गाईंचे सगळे पैसे. सुनील म्हणाला, आबा, त्या कंपनीचे एकही औषध बाजारात नाही, नुसता तोटा आहे. मी म्हणालो, कारखानाही सुरुवातीला तोट्यातच होता. मग म्हणाला, शेअरचा आणि आईच्या गोळीचा काही संबंध नाही. पोराला शिक्षण जास्त झाले आहे.

गोजरबाईला सांगितले की तू आता सभासदाची बायको झालीस. तिने विचारले, साखर कधी मिळायची.

२० ऑगस्ट, मंगळवार

नगरला जाऊन आलो. एसटीच्या पाटीवर अहिल्यानगर, कंडक्टरच्या तोंडात नगर.

दवाखान्यात चाचणीचे काम अल्मास मॅडम पाहतात. तिशीच्या असतील. बोलणे गोड, पण नियम फार. वीस पाने वाचून दाखवली, कॅमेऱ्यासमोर संमती घेतली. गोजरबाई सही करू लागली तर पेन कागदभर हिंडू लागले. मॅडम म्हणाल्या, अंगठा चालेल आजी. गोजरबाई म्हणाली, "चौथी शिकलेय मी. अंगठा न्हाई द्यायची." सही व्हायला दहा मिनिटे लागली. कॅमेरा तोवर चालूच.

मग मी शेअरचा कागद टेबलावर ठेवला. लॅमिनेशन करून नेला होता. मॅडमनी वाचला आणि म्हणाल्या, काका, बाटलीवर फक्त नंबर असतो, कुठली बाटली कुणाला ते कॉम्प्युटर ठरवतो, मलाही कळत नाही. त्या वेळी बाजूला चार पेशंट बसले होते. सगळ्यांसमोर दुसरे काय सांगणार. निघताना हसल्या. मी समजलो.

बाटलीबरोबर एक पुस्तिका दिली. रोज संध्याकाळी दहा मिनिटे चालावे, सोबत कुणीतरी हात धरावा, पावले मोजावीत. हे काम माझे. संकल्प : रोज पाच वाजता. अपवाद नाही.

१२ सप्टेंबर, गुरुवार

गोळी खरी आहे. आता शंका उरली नाही. काल तिने स्वतः ब्लाउजचे हुक लावले. आज चहाचा कप दोन्ही हातांनी धरून संपवला, बशीत थेंब नाही.

चालणे एकदाही चुकले नाही. घरापासून कालव्याच्या चारीवरच्या पुलापर्यंत जातो. पावले तीच मोजते. मी मोजले तर म्हणते, तुमी गाळता. पाय अडकला की मी "एक" म्हणतो, मग तो सुटतो. शेजारचे आप्पासाहेब ओट्यावरून ओरडले की लग्नात नवरीचा हात धरायला हा लाजत होता, आता गावभर मिरवतो. गोजरबाई न थांबता म्हणाली, "तवा लाजले, आता वसूल करायलेत."

आज कितीतरी दिवसांनी तिच्या बोलण्यावर कुणी हसले. बीपी १३६.

३० सप्टेंबर, सोमवार

कंपनीची वार्षिक सभा. मोबाईलवर असते. कोट घातला, धुतलेली टोपी घातली. सुनीलने सुट्टी काढून जोडून दिले. कारखान्याच्या सभेला मंडप असतो, माणूस माणसाला ओळखतो, एखादा तरी माईक ओढतो. इथे चौकटीत सात तोंडे आणि सगळे इंग्रजीत. सुनील मराठीत सांगत होता. चेअरमन म्हणाले की तोटा वाढला, पण चाचणी व्यवस्थित चालू आहे आणि हातात सात महिने पुरेल एवढा पैसा आहे.

मी हिशोब केला. आपल्या गोळ्या सहा महिन्यांच्या. एक महिना वरच उरतो.

अहवाल मंजुरीला आला तेव्हा मी मोठ्याने "मंजूर" म्हणालो. कुणी लक्ष दिले नाही म्हणून परत म्हणालो. सुनील म्हणाला, आबा, आपला आवाज तिकडे जात नाही. तरी मंजूर झाला.

सभेमुळे पाचाचे चालणे साडेपाचला झाले. हे अपवादात धरत नाही.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

धनत्रयोदशी. शेअर १३१.

गोजरबाईने चकल्या पाडल्या. सोऱ्या तिने फिरवला, मी फक्त ताट धरले. एकवीस झाल्या. वाकड्या आहेत, एक तर इंग्रजी आठासारखी आहे, पण तिच्या आहेत. संध्याकाळी चारीच्या पुलापुढे शाळेपर्यंत गेलो. सहाशे चाळीस पावले. परत येताना म्हणाली, पुढच्या दिवाळीला करंज्या.

मी चेअरमनना अभिनंदनाचे पत्र टाकले. सभासद या नात्याने कळवले की आपली गोळी लागू पडली आहे, बिनधास्त बाजारात आणावी. गोजरबाई म्हणाली, लई डांगोरा पिटू नका. तिला व्यवहार कळत नाही.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

शेअर ८८. कंपनीचा तीन महिन्यांचा निकाल लागला. पेशंट हवे तेवढे मिळाले नाहीत आणि जी दुसरी कंपनी पैसे घालणार होती तिने अंग काढले.

घाबरण्यासारखे नाही. पण माहिती ठेवली पाहिजे. पाच वाजता टीव्हीवर शेअरचे जाणकार बसतात. नेमकी चालण्याची वेळ. आज चालणे नाही. उद्या दोन फेऱ्या मारू.

२७ नोव्हेंबर, बुधवार

शेअर ६१. चालणे नाही. या आठवड्यात एकदाच झाले, तेही अर्धे.

हे तिच्याचसाठी चालले आहे. कंपनी राहिली तर गोळी राहील. कुणीतरी लक्ष ठेवायला नको का. आज पाचला ती दारात चपला घालून बसली होती. मी म्हणालो, एवढे एक ऐकू दे. कार्यक्रम संपल्यावर पाहिले तर चपला काढून आत जाऊन पडली होती.

तिच्या हातून चहा सांडला. या कपांचा कान फार लहान आहे. मोठ्या कानाचे कप आणावेत.

१६ डिसेंबर, सोमवार

शेअर ३४. जाणकार म्हणतात, पडत्या भावात घेणारा पुढे हसतो. कपिला काष्टीच्या बाजारात दिली. एक्कावन्न हजार आले. पंधराशे शेअर आणखी घेतले. सुनील दोन दिवस शेअर घ्यायला तयार होईना. मी म्हणालो, आईपेक्षा पैसा मोठा का. मग त्याने घेतले, पण फोन तसाच ठेवून दिला. आप्पासाहेब म्हणाले की गोठा रिकामा करून मुंबईवाल्यांना दूध पाजणारा तू पहिलाच.

गोजरबाई दुपारी गोठ्यात गेली होती. रिकामे दावे गोळा करायला वाकली आणि पडली. कोपर खरचटले. जमीन ओली होती, कुणीही पडले असते.

दवाखान्यात हे सांगणार नाही. चाचणीतून नाव कमी करतील. परवाच्या भेटीत अल्मास मॅडमनी विचारले होते, घरी रोज चालता ना. मी म्हणालो, रोज. गोजरबाईने माझ्याकडे पाहिले आणि मग भिंतीकडे पाहिले.

संकल्प : एक जानेवारीपासून पाच वाजता. नक्की.

१५ जानेवारी २०२५, बुधवार

शेअर १९. थंडी फार आहे. थंडीत स्नायू आखडतात, त्यामुळे तिला उठवत नाही. उन्हाळा लागला की चालणे सुरू.

काल संक्रांतीचे वाण द्यायला बायका आल्या. तिचे बोलणे त्यांना कळेना, आवाज बारीक झाला आहे. सर्दी असावी.

६ फेब्रुवारी, गुरुवार. दुपार

अल्मास मॅडमचा फोन आला. चाचणी बंद. कंपनीकडे पैसा उरला नाही. उरलेल्या गोळ्या आणि रिकाम्या बाटल्या परत आणून द्या म्हणाल्या. जुन्या गोळ्या डॉक्टर वाढवून देतील.

मी विचारले, आता तरी सांगा, खरी होती का खोटी. त्या म्हणाल्या, काका, खरंच मला माहीत नाही. यादी कंपनीकडे आहे. ती उघडली की प्रत्येकाला कळवायचा नियम आहे, पण त्यांच्या ऑफिसात कुणी फोन उचलत नाही. आता बाजूला कुणी पेशंट नसावेत. तरी तेच सांगितले.

सुनीलने सांगितले, शेअर सहा रुपये, तेही कुणी घेत नाही.

गोजरबाईच्या खाटेवर बसलो. म्हणालो, खरीच असणार, दिवाळीला बघ तुला किती फरक होता. ती काहीतरी पुटपुटली. कान तोंडाशी न्यावा लागला.

"गोळीचं मला ठावं न्हाई. पर हात धरून चालवायचा नवरा खरा हुता. तीन म्हैनं."

मी म्हणालो, उद्या पाचला तयार राहा.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पाच वाजता निघालो. उंबऱ्यापाशी तिचा पाय जमिनीला चिकटला. मी "एक" म्हणालो. परत "एक" म्हणालो. अकरा वेळा म्हणालो. मग अंगणात पाच पावले. सुरुवात म्हणून वाईट नाही. रोज एक वाढवले तर एप्रिलपर्यंत चारीचा पूल.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

नऊ पावलांपर्यंत आलो होतो. मंगळवारी सकाळी मोरीत पडली. खुब्याचे हाड. नगरला ऑपरेशन झाले, सुनीलने खर्च केला. डॉक्टर म्हणाले की वय आहे, आजार आहे, बघू. म्हणजे बरी होईल. सहा आठवडे पडून, मग वॉकर. वॉकरची चौकशी करून ठेवली आहे.

११ एप्रिल, शुक्रवार

गोजरबाईला जाऊन आज तेवीस दिवस झाले. पडून पडून छातीत कफ झाला होता. बीपी पाहिले नाही.

काल पाच वाजता चारीच्या पुलापर्यंत गेलो. पावले मोजली. मी गाळतो म्हणून दोनदा मोजली, जाताना आणि येताना. आकडा वेगळा आला. आप्पासाहेब ओट्यावर होते. ते उठून उभे राहिले.

यादी उघडली की कळवू, असे अल्मास मॅडम म्हणाल्या आहेत. कंपनीला हेच विचारणारे पत्र आधी पाठवले होते, ते परत आले. पत्ता बदलला असेल. सुनीलने दुसरा पत्ता काढून दिला. कच्चा मजकूर इथे लिहितो, उद्या पाकिटात घालीन.

चेअरमन साहेब यांस,
मी आपला सभासद. शेअर दोन हजार सातशे पन्नास. त्याचे पैसे मागत नाही. पेशंटचे नाव गोजरबाई, बाटली नंबर ०४१७. ती गोळी खरी होती की खोटी, एवढेच विचारायचे आहे. यादी आपल्याकडे आहे, असे दवाखान्यातून समजले.

खरी होती असे आले तर फार बरे होईल. मग आजारच मोठा होता, आपण दोघांनीही आपल्याकडून केले. खोटी असेल तर दिवाळीला तिने एकवीस चकल्या पाडल्या त्या कशाच्या बळावर, ते मला माझ्या हिशोबात धरावे लागेल. तरी जे असेल ते कळवा.

उत्तर लवकर द्यावे. पत्र टाकायला वेळ नसेल तर फोन करावा, नंबर खाली दिला आहे. संध्याकाळी पाच ते सव्वापाच मी घरी नसतो. बाकी सगळा वेळ घरीच आहे.