डार्करूमचा पंखा

यशू,

तू तिसगावहून येशील तेव्हा मी एक्स-रे सेंटरवर असेन. लगेच चिडू नकोस. नगरच्या डॉक्टरांनी पंधरा दिवस डार्करूममध्ये पाऊल टाकू नका म्हणून सांगितलंय, ते लक्षात आहे माझ्या. फिल्म धुवायला नाही, वायरमनला घेऊन पंखा बसवायला गेलोय.

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. तिथे भिंतीत हवा बाहेर फेकणारा पंखा होता. त्याच्या फटीतून उजेड यायचा आणि फिल्म काळ्या पडायच्या, म्हणून नऊ वर्षांपूर्वी मीच तो काढून भिंतीतलं भोक पुठ्ठा आणि काळी टेप लावून बुजवलं. तेव्हा स्वतःच्या डोक्याचं कौतुक वाटलं होतं! केमिकलची वाफ सगळी माझ्या छातीत गेली, आणि खोकल्याचा दोष मी जामखेडच्या धुळीला देत बसलो.

आता पंख्याला वाकडा पाइप जोडणार आहोत. वाफ बाहेर जाईल, उजेड आत येणार नाही. सेंटरच्या मॅडम डिजिटल मशीनचंही बघते म्हणाल्या, म्हणजे फिल्म धुवायचं कामच उरणार नाही.

माझा अ‍ॅप्रन वेगळ्या बादलीत भिजवलाय. निकिताच्या शाळेच्या कपड्यांत टाकू नकोस.

त्या दिवशी दुधाचा कोळसा झाला आणि मी शेजारीच पेपर वाचत होतो, म्हणून तू दोन दिवस बोलली नाहीस. खरं सांगतो, मला वासच आला नव्हता. त्या वाफेनं नाकही गेलं होतं. आज सकाळी मात्र शेजारच्या काकूंच्या फोडणीतला लसूण मला अंथरुणात कळला.

आता दूध गॅसवर ठेवून खुशाल बाहेर जा. मी आहे.

महेंद्र