ठमीला कुणी फाडलं

६ ऑक्टोबर
कपडे वाळत घालायला मागच्या अंगणात गेले तर मधोमध पिसंच पिसं. ठमी पाण्याच्या टाकीमागे तोंड खुपसून बसलेली. उचलली तर हात लाल झाला. पाठ फाटलीय. बाकीच्या दोघी कोंबड्या खुराड्यात शिरून चिडीचूप.

आबा आले, वाकून बघितलं. सासऱ्यांच्या तोंडचं पहिलं वाक्य: "फाटक उघडं टाकलंस ना?"

कोंबडी जगेल का, दवाखाना कुठे, पाणी आण, काही नाही. फाटक! कडी लावलेली होती, हात धरून दाखवायचीच बाकी ठेवली. तर म्हणे, "आत्ता लावली असशील."

ह्यांना लेहला ड्युटीवर फोन केला. वडिलांचा फोन आधीच गेलेला. "तू लावलं होतंस ना नक्की?" बायकोपेक्षा कडीवर विश्वास ठेवला असता तरी चाललं असतं. फोन ठेवून दिला.

७ ऑक्टोबर
ठमी सासूबाईंची. गावाहून इकडे हिंदी मुलखात येताना पिल्लू टोपलीत, टोपली पदराखाली, अशी रेल्वेतून आणलेली. पुढच्याच वर्षी त्या गेल्या, ठमी राहिली. ही मेली तर "सुनेनं मारली" हे मला जन्मभर ऐकावं लागणार. गावात, लग्नात, बारशात, सगळीकडे.

जखम काल मिठाच्या कोमट पाण्यानं धुतली होती. सकाळी बघते तर त्यावर हळद-तेलाचा जाड लेप, आणि लेपात धूळ, पिसं, मुंग्या. मी झोपल्यावर आबांनी थापला.

"आबा, माश्या बसतील."
"माझ्या बापानं जनावरं राखली. तू शिकव मला."

सगळं पुन्हा धुतलं. ठमी ओरडली नाही, नुसते डोळे मिटून घेतले. तेच बघवत नाही.

जनावरांच्या डॉक्टरकडे रिक्षानं नेली. जांभळा फवारा दिला, गोळी दिली. "मक्खी मत बैठने देना. बाकी मुर्गियों से अलग रखना, खून देखेंगी तो चोंच मारेंगी." म्हणजे घरच्यांची जात सगळीकडे सारखीच. खोक्यात गोणपाट घालून न्हाणीत ठेवलीय.

८ ऑक्टोबर
कुत्रा. दुसरं कोण असणार? शेजारच्या तोमर भाभींचा टफी, भिंतीवर पाय टाकून दिवसभर आमच्या कोंबड्यांकडे लाळ गाळतो. गेले आणि सांगून आले.

भाभी हसल्या. "हमारा टफी तो बिस्कुट भी तोड़ के देना पड़ता है जी." मग हसू गेलं. "और कुत्ता पकड़ता ना, तो आप यहाँ लड़ने नहीं आतीं, पंख बटोर रही होतीं. गर्दन से उठाता है."

परत येताना काहीतरी खमंग सुचायला हवं होतं. सुचलं ते घरी आल्यावर, भांडी घासताना.

९ ऑक्टोबर
भाभी बरोबर बोलली याचा राग कालच्यापेक्षा जास्त आहे.

फवारा मारताना आज जखम नीट बघितली. मान शाबूत. पायही शाबूत. पाठीवर लांब ओरखडे आणि दोन्ही बाजूंना, पंखाखाली, खोल भोकं. चिमट्यात धरल्यासारखी. मांजर असतं तर मान धरली असती. मुंगूस असतं तर मानेपासूनच सुरुवात. शिवाय फाटकापाशी एक पीस नाही, भिंतीपाशी नाही. सगळी मधोमध, जिथे वर नुसतं आभाळ.

हे आबांना सांगितलं. पेपर खाली न घेता म्हणाले, "मग काय आभाळातनं पडलं?"

ठमीनं भिजवलेली भाकरी खाल्ली. थोडीच, पण स्वतःच्या चोचीनं.

११ ऑक्टोबर
सापडलं.

कपडे पिळत होते. समोरच्या खांबावर घार. बसलेली, घाई नाही, कुणाची तरी वाट बघितल्यासारखी. तेवढ्यात आबा फिरून आले, आत न येता परस्पर मागे गेले. हातात पत्रावळ. इकडे तिकडे बघितलं. मी चादरीमागे, दिसले नाही. पत्रावळ भिंतीवर ठेवली, हात जोडले.

"घराचं पत्रं बदलतो. धाकटीच्या पोराचं लगीन उभं राहून लावतो. ठमीला जपतो. आता तरी शिव गं बाई."

पत्रावळीवर भात आणि भातावर कच्ची कलेजी.

अविधवा नवमीला सासूबाईंचं पान ठेवलं होतं. वडे, खीर, सगळं मी केलेलं. कावळा शिवला नाही. दिवसभर कबुतरं खाऊन गेली. पितृपक्ष संपला, मला वाटलं विषय संपला. आबांनी मात्र पान चालूच ठेवलं, आणि सासूबाईंना कलेजी आवडायची म्हणून ती बाहेरून आणून ठेवायला लागले. चोरून. कावळा नाहीच आला. घार आली, आणि रोज ठरल्या वेळी वाढलेलं मिळतंय म्हटल्यावर मुक्कामालाच राहिली. एखादे दिवशी उशीर झाला असेल. खाली ठमी दिसली.

माझ्या डोळ्यांदेखत झेप घेतली आणि कलेजी गेली. आबा हात उगारून "हाड हाड" करत होते.

आधी हसू आलं. मग इतका संताप आला की हातातली चादर पुन्हा बादलीत टाकली. ठमीला जपतो म्हणे!

१२ ऑक्टोबर
बोलले. गोड बोलायचं ठरवलं होतं, जमलं नाही. "घार तुम्ही बोलावलीत. रोज जेवायला घालून."

"घार पिल्लं नेते. एवढी मोठी कोंबडी नेतीय होय?"
"नेता आली नाही म्हणूनच फाडून टाकून गेली."

आबांनी माझ्या हातचा चहा घेतला नाही. स्वतः करून घेतला, दूध उतू घालवलं, शेगडी मीच पुसली.

१४ ऑक्टोबर
जखमेवर खपली धरलीय. थोडा वेळ उन्हात सोडली, मी शेजारी झाडू घेऊन. आबा दाराशी, लांब, जणू सहजच.

सावली आधी आली. मी झाडू उचलेपर्यंत आबांची चप्पल माझ्या कानाजवळून गेली. घारीला लागली नाही, पण वळली. ठमी माझ्या दोन पायांच्या मध्ये. थरथरत होती.

आबांनी बघितलं. आता तरी म्हणतील, पोरी, तुझं बरोबर होतं. एक चप्पल पायात घालून आत गेले.

१५ ऑक्टोबर
आजपासून पानावर कलेजी नाही. भाकरी आणि ठेचा.

आणि आबांनी सासूबाईंचं हिरवं नऊवार काढून अंगणावर, कपड्याच्या तारांवरून आडवं बांधलं. छतासारखं. मी त्याची गोधडी शिवणार होते, विचारण्याची पद्धत नाहीच. घार खांबावर बसून होती, बघून बघून उडाली.

ह्यांना फोनवर सगळं सांगितलं. "अच्छा, म्हणजे घार होती!" एवढंच. फाटकाबद्दल चकार शब्द नाही. बापाचा लेक.

१७ ऑक्टोबर
ठमी नऊवाराखाली हिंडते. बाकीच्या दोघींनी एकदा चोच मारली, हिनं उलटी मारली. बरी होणार.

चकलीची भाजणी चाळत होते. आबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे. आत येत नाहीत, जातही नाहीत. मग म्हणाले, "सगळं कबूल करून बघितलं. अजून काय राहिलं असंल गं तिचं?"

मला माहीत आहे काय राहिलं. हॉस्पिटलात सासूबाई माझ्यासमोर म्हणाल्या होत्या, "वैशालीवर ओरडत जाऊ नका हो. माझ्यामागं तीच करणार तुमचं." आबा खिडकीबाहेर बघत "बरं, बरं" म्हणाले होते. ते सोडून घराचे पत्रे, धाकटीचं पोर, कोंबडीसुद्धा कबूल करून झाली.

सांगता आलं असतं. तोंडावर आलं होतं. म्हटलं, "मी तिथेच होते, आबा. तुम्हीही होतात. आठवा." आणि चाळणी जोरात हलवली.

आबा दारातून हलले. मग मागे गेले. भिंतीपाशी हात जोडून काहीतरी पुटपुटताना दिसले. नळ सुरू होता, ऐकू आलं नाही. मी नळ बंद केला तोवर बोलून झालं होतं.

आता भिंतीपाशीच उभे आहेत, पाठमोरे. घार नाही. विजेच्या तारेवर एक कावळा येऊन बसलाय, मान वाकडी करून पानाकडे बघतोय.

चहा टाकलाय. दोघांचा. कावळा अजून तारेवरच आहे.