किल्ल्याच्या पूर्व भिंतीबाबत माझी निरवानिरव

लिहून ठेवते मी, वय वर्षे चोपन्न, भूगोलाची शिक्षिका, किल्ला जतन मंडळाची अध्यक्ष, की माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. त्याशिवाय धाकट्या भावाची खात्री पटायची नाही.

१. राहते घर भावाला. "ताई, तुला माणसांपेक्षा दगड जवळचे," असे तो वीस वर्षे म्हणत आला. आता हे दगड त्याने सांभाळावेत.

२. बँकेतली ठेव मंडळाला. फलकावर माझे नाव घालू नये. ती हौस फिटली.

३. पहारी, कोयते, दोरही मंडळालाच. किल्ला उतरताना आपण हजेरी घेतो, ज्याने त्याने आपला आकडा ओरडायचा. 'सात' आपल्या गवंडीभाऊंचा. त्यांना जाऊन चार वर्षे झाली, पण सहानंतर आठवा गडी अजून थांबतो. मी विचारले, "थांबतोस कशाला?" तो म्हणाला, "सात होऊ दे की." कोणी हसले नाही. मला तो आकडा स्पष्ट ऐकू येतो, बुरुजाच्या अंगाने, आधी जरा खाकरून. सात कोणालाही देऊ नये.

४. मंडळाच्या वहीत 'गवंडी स्वतःच्या निष्काळजीपणामुळे दगावले' अशी नोंद आहे. अक्षर माझे, खोटेपणाही माझाच. पूर्व भिंतीत मांडीएवढे जाड मूळ शिरले होते. ते म्हणाले, "बाई, भिंत आता या मुळाच्याच आधारावर आहे. राहू द्या." दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राचा फोटोवाला यायचा होता. मी म्हणाले, "गवंडी असून झाडाची बाजू घेता?" त्यांनी मूळ तोडले. भिंत अंगावर आली. ती नोंद खोडून हे कलम तिथे उतरवावे.

५. हा कागद त्यांच्या पत्नीला माझ्यामागे द्यावा, असे आधी लिहिले होते. मेल्यावर खरे बोलायला काय जाते? ते खोडले. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही, पण त्यांना वाचायला देऊन मी समोर बसले आहे.

लिहून ठेवणार: (सही)

ठिकाण: गवंडीभाऊंचे स्वयंपाकघर
दिनांक: १४ मार्च, रविवार

साक्षीदार १: डॉक्टर (सही)

साक्षीदार २: गवंडीभाऊंची पत्नी (सही)
सगळं वाचलं. निघताना ते म्हणाले होते, आज बाई मूळ तोडायला लावणार. मी म्हटलं, मग जाऊ नका. हसले आणि गेले. तुम्ही कधी सांगताय, तेच बघत होते.